देवमनजींच्या नावावरचा फोन

टेलिफोन कंपनीचं पत्र देवमनजींच्या नावानं आलं. देवमनजींना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, पण कंपनीच्या हिशेबी ते अजून अकोल्यात, जठारपेठेतच राहत होते आणि नियमित फोन वापरत होते. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात करून पत्रात म्हटलं होतं की आपल्या भागातली तांब्याची केबल आता बंद होत असून आपला घरचा फोन यापुढे इंटरनेटवरून चालेल. नंबर तोच राहील, आवाज अधिक स्वच्छ येईल आणि आपणांस काहीही करावं लागणार नाही.

देवमनजींच्या थोरल्या चिरंजीवांनी, म्हणजे सूर्यभानजींनी, पत्र तीनदा वाचलं. एकदा नुसतं, एकदा चष्मा पुसून, आणि एकदा उलटं करून, मागं बारीक अक्षरात काही लपवलंय का ते पाहायला. मागं काहीच नव्हतं. तिथंच त्यांना पहिली शंका आली.

"काहीच करा नाई लागत म्हणते," ते बायकोला म्हणाले. "वच्छले, अडुसष्ट वर्षं झाले मले. घरी येऊन 'तुमाले काहीच करा नाई लागत' म्हणणारा मानूस आला का समजायचं, त्यानं सारं करून ठेवलं हाये."

वच्छलाबाई परातीत झेंडू निवडत होत्या. "चांगलं हाये न मंग. नका करू काही. तसंई तुमी काय करता?"

सूर्यभानजींनी पत्राची घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. फोनचं पत्र उघड्यावर ठेवायची त्या घरात पद्धत नव्हती, कारण तो फोन साधा नव्हता.

घर फुलमाळ्यांचं. बाळापूर रोडला मळा, जठारपेठेत घर, आणि घराच्या तोंडाशी हारांचं दुकान. एकोणीस वर्षांपूर्वी सूर्यभानजी आणि धाकटा भगवंत यांचं वाजलं. कारण असं की एका नवरदेवाच्या गाडीला निशिगंध लावायचा की शेवंती. त्या नवरदेवाचा पोरगा आता बारावीला आहे, पण हा प्रश्न अजून सुटलेला नाही. वाटणीला काका नत्थुजी बसले. मळ्याचे दोन भाग झाले, विहीर दिवसाआड झाली, दुकान मधून कापलं आणि घराच्या मधोमध नऊ इंची विटांची भिंत उभी राहिली. हार ओवायच्या सुयासुद्धा निम्म्या निम्म्या झाल्या. राहता राहिला फोन, आणि तो काही कापता येईना. नंबर दोन्ही दुकानांच्या पाट्यांवर, शहरातल्या निम्म्या डायऱ्यांत आणि चार मंदिरांच्या भिंतींवर लिहिलेला होता.

नत्थुजींनी पान लावता लावता निकाल दिला. नंबर एक, डबडी दोन. पॅरलल तार टाकून एक मोठ्याकडं, एक लहान्याकडं. दुपारी बाराच्या आत आलेलं गिऱ्हाईक मोठ्याचं, बारानंतरचं लहान्याचं. मयतीचा हार मात्र जो उचलेल त्यानं द्यायचा, त्यात घड्याळ पाहायचं नाही. आणि मधल्या भिंतीला दोघांच्या लेखी संमतीवाचून खिळासुद्धा ठोकायचा नाही. नत्थुजी पुढं गेले, पण कागद राहिला. त्यामुळं सूर्यभानजींच्या घरात कॅलेंडर अजूनही खिडकीच्या गजाला सुतळीनं लटकतं आणि वारा आला की महिने आपोआप पुढं जातात.

दोघा भावांनी आपापला फोन त्याच भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीला कान लावायला खिळा लागत नाही.

पॅरलल लाइनची एक गंमत असते. एकाकडं कोणी बोलत असताना दुसऱ्यानं रिसीव्हर उचलला की 'टक्' असा आवाज होतो आणि समोरच्याचा आवाज जरासा बारीक होतो. सकाळी सूर्यभानजींनी 'हॅलो' म्हटलं की दुसऱ्या क्षणाला 'टक्' व्हायचं. दुपारी भगवंतनं 'हॅलो' म्हटलं की 'टक्' इकडून जायचं. आपल्या वेळेतलं गिऱ्हाईक दुसरा पळवत तर नाही ना, एवढंच पाहायचं, असं दोघंही आपापल्या घरी सांगत. एकमेकांशी मात्र अक्षर बोलायचं नाही. कधी सूर्यभानजी गिऱ्हाइकाला "चार वाजता हार तयार" म्हणायचे आणि लाइनवर कोणीतरी घसा खाकरायचं, कारण चार वाजता राहुकाळ किंवा लग्नाचा मुहूर्तच साडेतीनचा.

"कोन खाकरलं काकाजी?" गिऱ्हाईक विचारायचं.

"कोनी नाई. लाइन खराब हाये. तुमी तीनले या."

लाइन अशी एकोणीस वर्षं खराब होती.

आणि रविवार. अमरावतीला दिलेली बहीण साधना, दोघांच्या मधली, दर रविवारी फोन करायची. मोबाइलनं कान तापतो असं सांगून ती घरच्या नंबरवरच करायची आणि बरोबर बाराच्या ठोक्याला करायची. बारा म्हणजे सकाळ संपली का दुपार सुरू झाली, याचा उल्लेख नत्थुजींच्या कागदात नव्हता. त्यामुळं दोघंही उचलायचे. साधना अर्धा-पाऊण तास बोलायची. जावयाचं, शेजारणीचं, कौंडण्यपूरच्या जत्रेत हरवलेल्या चपलांचं. मधेच हवेत सोडून द्यायची, "मोठेभाऊ, खोकल्याचं औषध सुरू हाये न?" मग तसंच हवेत, "भगवंता, शुगर तपासली का?" दोघंही उत्तरं साधनाला द्यायचे. पलीकडे कोणी नाहीच, असं धरून चालायचे. सूर्यभानजी मात्र बोलताना कान दुसरीकडे ठेवायचे. भगवंत सुपारी चघळत श्वास घ्यायचा, तेव्हा नाकातून बारीक शीळ निघायची. ती शीळ ऐकू आली की त्यांचा पुढचा आठवडा बरा जायचा. हे त्यांनी कोणाला कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, मी त्याच्यावर लक्ष ठेवतो.

पत्र आलं त्याच्या आदल्या रविवारी साधना हवेत म्हणाली होती, "भगवंताचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाये, पंधरा दिवसानं, मंगळवारी. उजवा डोया."

"मले कायले सांगतं?" सूर्यभानजी म्हणाले होते. आणि भिंतीपाशी, कॅलेंडर वाऱ्यावर होतं म्हणून, फोनखालच्या डायरीत त्यांनी मंगळवार लिहून ठेवला होता.

---

कंपनीचा माणूस सोमवारी आला. किशोर नाव, चाळिशीचा, कमरेला पक्कड, डोक्याला टोपी. त्यानं पिशवीतून एक पांढरा डबा आणि पिवळ्या तारेचं वेटोळं काढलं. सूर्यभानजींनी तार हातात घेऊन उजेडात धरली.

"हे तं दोरा हाये."

"काच हाये काकाजी त्याच्यात. केसाएवढी. त्याच्यातून लाइट जाते, अन् लाइटमदून बोलनं."

"बोलनं लाइटमदून जाते?"

"हो."

"अन् लाइट गेली तं?"

"डब्ब्याची लाइट गेली तर फोन बंद. बॅटरी बसवता येते."

"म्हणजे आता मी कवा बोलायचं ते वीजवाले ठरवतीन." सूर्यभानजींनी तार परत दिली. जुना फोन वीज नसतानाही चालायचा. शहर अंधारात असतानाही त्यातून 'हूंऽऽ' असा आवाज यायचा, घरात कोणी झोपलेलं असावं तसा.

त्यांचा मुलगा नितेश मात्र डब्याकडं नवरीकडं पाहावं तसा पाहत होता. दुकानाच्या ऑर्डरी तो मोबाइलवरच घ्यायचा आणि घरात नेट येणार म्हणून त्याला दोन दिवस झोप नव्हती. "बाबा, सगळ्या घरात वायफाय येईन."

"भिंतीतून जाते का ते?"

"हो न. आरपार."

"पलीकडं बी?"

नत्थुजींच्या कागदात खिळ्याचा उल्लेख होता, वायफायचा नव्हता.

मग किशोरनं खरी अडचण सांगितली. देवमनजी ग्राहक म्हणून कितीही चांगले असले तरी आता सही करायला येऊ शकत नव्हते. फोन एका वारसाच्या नावावर करावा लागणार, त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या वारसाची ना-हरकत लागणार. डबा एकच, आणि तो एकाच घरात बसणार.

'एकाच घरात' हे शब्द ऐकल्यावर सूर्यभानजी सावध होऊन बसले. त्यांना आता सगळं दिसू लागलं. हे पत्र, ही तार, हा टोपीवाला. तांब्याची केबल काय अशीच बंद होते? कोणीतरी बंद करायला लावल्याशिवाय? नंबर आपल्या नावावर करून घ्यायचा, डबा पलीकडं नेऊन बसवायचा आणि मोठ्याला सकाळदुपार दोन्ही वेळेस बसवून ठेवायचं. भगवंत लहानपणी पत्ते खेळतानाही असंच करायचा. शेवटपर्यंत चेहरा साधा.

"पहिले तिकडं ज्या," ते किशोरला म्हणाले. "त्याची ना-हरकत घेऊन या. मंग पाहू."

भगवंत सही देणार नाही याची त्यांना खात्री होती. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद उजेडात धरून पाहणारा माणूस. पण किशोर पाच मिनिटांत परत आला. सही झाली होती. खाली तारीखसुद्धा होती.

"वाचून केली का?"

"नाई. म्हणे, कुठी करायची ते दाखव. पण काकाजी, ते म्हणत होते का—"

"तो काय म्हणते ते मले आयकायचं नाई."

"नाई, एवढंच का रविवारी—"

"किशोर." सूर्यभानजींनी हात वर केला. "या घरात एकोनीस वर्षं झाले, त्याचा निरोप चालत नाई."

किशोरनं कागद पिशवीत टाकला. त्याला अजून अकरा घरं करायची होती.

त्या दिवशी सूर्यभानजींना जेवण गेलं नाही. भगवंत भांडला असता तर त्यांनी दोन वेळा मागून भात घेतला असता. पण पाच मिनिटांत, न वाचता? संध्याकाळी गच्चीवरून त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. कोपऱ्यावरच्या टपरीवर भगवंत आणि किशोर चहा पीत होते, आणि भगवंतनं किशोरच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"खांद्यावर हात ठेवून काय बोलत असन तो?" त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं.

"चहात साखर कमी हाये म्हणत असतीन."

"तुले काही समजत नाई. त्यानं नाव सोडलं, डब्बा सोडला. म्हणजे त्याच्या हातात पॅरलल राह्यली का त्याले पुरते. त्या नवीन तारेतून काय काय जाते ते कोनाले माहीत? तिकडून बटन दाबलं का इकडचे सारे गिऱ्हाईक तिकडं. टोपीवाल्यानं शिकवलं असन."

"मंग काय करता?"

सूर्यभानजींनी काय करायचं ते ठरवलं होतं. गुरुवारी किशोरनं डबा बसवला, तो भिंतीला खिळा नको म्हणून कपाटावर ठेवला, आणि खांबावरून येणारी जुनी तार सोडवायला शिडी लावली. तेव्हा ते म्हणाले, "त्या बाजूची बी काढ."

"पॅरललची? पूर्ण?"

"मुळापासून."

"काकाजी, तुमी म्हणान तर आपन—"

"कागदात पॅरलल तांब्याच्या लाइनवर होती. ही काचेची हाये. कागद संपला."

किशोरनं पंचवीस-तीस मीटर काळी तार कोपरावर गुंडाळली आणि मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. "अन् रविवारचं काय?" त्यांनी विचारलं.

"रविवारी साधना फोन करीन, मी बोलीन. त्यात काय?"

---

नवीन फोनचा आवाज खरोखरच स्वच्छ होता. इतका, की सूर्यभानजींना सारखं वाटायचं, कोणीतरी जागा झाडून ठेवलीय आणि आता काहीतरी होणार. 'हूंऽऽ' नव्हतं. 'टक्' नव्हतं. सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला की ते 'हॅलो' म्हणून क्षणभर थांबायचे. समोरचं माणूस "हॅलो, हॅलो" करायचं. एका वकिलाच्या बायकोला त्यांनी मुहूर्त न विचारता चारची वेळ दिली. कोणी खाकरलं नाही. हार चारला तयार झाला, साखरपुडा तीनला होता.

बारानंतर तर जास्तच पंचाईत. घंटी वाजायची. बारानंतरचं गिऱ्हाईक लहान्याचं, हे एकोणीस वर्षांचं वळण. सूर्यभानजी खुर्चीत ताठ बसून फोनकडं पाहत राहायचे, घंटी आठ-दहा वेळा वाजून थकायची.

"उचला न," वच्छलाबाई म्हणायच्या.

"माह्या वेळेतला नाई तो. उद्या म्हणीन, मोठ्यानं गिऱ्हाईक चोरलं."

"तार तुमीच तोडली न?"

"तार तोडली. नियम नाई तोडला."

रविवारी ते पावणेबारालाच भिंतीपाशी येऊन बसले. बाराला घंटी वाजली. उचलला.

"मोठेभाऊ," साधना म्हणाली, आणि थांबली. "आज तुमचा आवाज लय मोठा येऊन राह्यला."

"नवीन फोन हाये. इंटरनेटचा."

पलीकडे अमरावतीत कुकरची शिट्टी झाली. मग साधनानं विचारलं, "एकटेच हा का?"

म्हणजे लाइनवर किती जण आहेत ते तिला आवाजावरूनच कळायचं. एकोणीस वर्षं आवाज जितका बारीक, तितकी माणसं जास्त, हे ती मोजत होती.

"एकटाच कसा? वच्छला हाये. नितेश हाये."

"बरं," साधना म्हणाली. मग ना जावयाचं काढलं, ना शेजारणीचं सांगितलं. खोकल्याचं औषध घ्या म्हणाली आणि ठेवला. चार मिनिटं. सूर्यभानजींनी रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. शीळ वाजली नाही. काच होती ती, काचेला नाक नसतं.

मंगळवारी डायरी उघडायची गरज पडली नाही. सकाळी पलीकडे ऑटो आला आणि गेला. दुपारी परत आला. सूर्यभानजी दाराच्या फटीतून पाहत होते. भगवंत उतरला, डोळ्यावर काळा चष्मा, सुनेचा हात धरलेला. उंबऱ्याला ठेचाळला. सूर्यभानजींचा हात आपोआप पुढं गेला आणि दाराच्या कडीवर आपटला.

वच्छलाबाई आणि पलीकडची जाऊ मागच्या नळावर रोज बोलायच्या. बायकांनी बोलू नये असं नत्थुजींच्या कागदात नव्हतं, किंवा नत्थुजींना तेवढी अक्कल होती.

"कसं झालं म्हणते?" सूर्यभानजींनी भिंतीकडं पाहत विचारलं.

"कोनाचं?"

"कोनाचं बी."

"नाव घेऊन विचारा. मंग सांगते."

त्यांनी नाव घेतलं नाही. तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या रविवारी बारा वाजले आणि घंटी वाजली नाही. सव्वाबाराला भिंतीपलीकडं एक मोबाइल वाजला. भगवंतचा. सूर्यभानजींनी खुर्ची सरकवून कान भिंतीला लावला. विटा नऊ इंचाच्या, वरून दोन्ही बाजूंनी प्लास्टर, त्यातून शब्द येईनात, नुसती गुणगुण. मधेच हसू. मग एक वाक्य नीट आलं, "तसाच हाये तो पयल्यापासून." पुन्हा हसू.

तो म्हणजे कोण?

चाळीस मिनिटं चाललं. त्यात सूर्यभानजींनी 'तो' म्हणून स्वतःखेरीज कोणालाही धरून पाहिलं नाही. एकला त्यांचा फोन वाजला. तो दुपारचा होता, पण त्यांनी उचलला.

"जेवले का?" साधना.

"त्याच्यासंग चाळीस मिनिटं बोललीस तू."

"तुमाले कसं माहीत?"

सूर्यभानजींच्या कानाला भिंतीचा चुना लागला होता, तो त्यांनी पुसला.

"मोठेभाऊ," साधना म्हणाली. तिचा आवाज अगदी जवळ होता, आणि त्यामुळं तो कुठं लपवताही येईना. "एकोनीस वर्षं मी दोन भावाले एक फोन केला. आता मले दोन करा लागतेत. अन् एकेकटे भेटले का तुमी दोघंई मले एकच विचारता, तो काय म्हणे. मी का पोस्टमन हावो? तुमाले आयकायचं असन तर आयका, नाई तर मी बी नाई करत रविवारी. कुकर लावायची येळ असते माह्यी."

तिनं ठेवला. भगवंतही विचारतो, 'तो काय म्हणे.' हे वाक्य सूर्यभानजींनी उलटं करून पाहिलं, पत्रासारखं. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

---

किशोर शुक्रवारी आला, तेही नितेशनं चार फोन केल्यावर.

"पॅरलल करता येते का ह्याच्यावर?" सूर्यभानजींनी असं विचारलं, जणू शेजारच्या गावातल्या कोणासाठी विचारत आहेत.

"येते न. ह्या डब्ब्याच्या मागं फोनचं भोक हाये, तिथून साधी तार काढली का दोन डबडे वाजतेत. मी त्या दिवशी हेच सांगत होतो, काकाजी. भगवंतकाका म्हणे, डब्बा मोठ्याकडंच लाव, नाव बी त्याचंच टाक. मले काही नाई पायजे. फक्त रविवारी बाराले घंटी इकडं आयकू आली पायजे."

"असं म्हणे?"

"टपरीवर बी तेच. खांद्यावर हात ठेवून. चहा पाजला मले त्याच्यासाठी."

सूर्यभानजींनी किशोरच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. खोटं बोलत असावा असं काही दिसत नव्हतं, आणि तेच त्यांना अवघड गेलं. "कायले म्हणत असन?" ते पुटपुटले. वच्छलाबाई झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या करत राहिल्या.

"तार बाहेरून नेली तर गच्चीवरून फिरवून पस्तीस मीटर," किशोर म्हणाला. "अन् तुमच्याकडं माकडं हायेत, ते झोके घेतेत. दोघाचे फोन तं एकाच भिंतीले टेकून हायेत. इथून भोक पाडलं का नऊ इंच."

नऊ इंच. इतकी वर्षं दोघांचे आवाज त्या भिंतीपासून निघून खांबापर्यंत जायचे आणि फिरून त्याच भिंतीपाशी परत यायचे.

पण भिंत म्हटल्यावर कागद आला. नितेशनं संमतिपत्र लिहिलं. सूर्यभानजींनी सही केली आणि किशोर पलीकडं गेला. या वेळी तो पाच मिनिटांत आला नाही. तासभर लागला. भगवंतनं कागद डाव्या डोळ्याजवळ धरून अक्षर अक्षर वाचला होता आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं एक ओळ घातली होती, 'भोक तारेपेक्षा फार मोठे नसावे.'

सूर्यभानजींना एकदम बरं वाटलं. हा भगवंत त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी चष्मा पुसला आणि खाली ओळ घातली, 'भोक दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे पाडावे. प्लास्टर कोणा एकाचेच उडू नये.' कागद पुन्हा पलीकडं गेला, पुन्हा आला. मंजूर.

किशोरनं साडेचार इंच इकडून पाडले. लाल भुसा सूर्यभानजींच्या पायांवर पडला. मग ड्रिल घेऊन तो पलीकडं गेला. भिंत थरथरली, आतून किरकिर आवाज येत राहिला, आणि शेवटी गोळीसारखा विटेचा बारीक तुकडा उडून ड्रिलचं टोक इकडं डोकावलं. परत मागं गेलं.

"आलं का?" किशोर पलीकडून ओरडला.

"आलं."

"तार आनतो, गाडीवर हाये."

घरात कोणी नव्हतं. नितेश दुकानात, वच्छलाबाई मागच्या नळावर. सूर्यभानजींनी इकडंतिकडं पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि चष्मा काढून भोकाला डोळा लावला. पलीकडं नेमकं काय आहे, फोन कुठं ठेवलाय, खुर्ची कशी आहे, एकदा पाहून घ्यावं. तार आली की पुन्हा दिसणार नव्हतं.

दिसलं नाही काहीच. भोक काळं होतं.

त्यांनी डोळा काढला. बरोबर पाडलं होतं, टोक आलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पलीकडच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, सकाळची अकरा वाजताची वेळ, उजेड यायला हवा होता. पुन्हा डोळा लावला. काळंच. मग त्या काळोखात काहीतरी हललं, ओलसर, आणि भोकातून बारीक शीळ ऐकू आली. नाकातली.

सूर्यभानजी तसेच वाकून राहिले. विटेचा भुसा भोकाच्या तोंडावर अजून उडत होता.

"डोया काढ न बे तिथून," एकोणीस वर्षांनी ते भिंतीला म्हणाले. "विटीचा भुसा जाईन. ऑपरेशनवाला हाये तो."

पलीकडून आवाज आला, बारीक, जुन्या लाइनीसारखा.

"दुसरा लावला हाये."